काट्यावरचा शिक्का

सोलापूर,
१५ जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर इतरांच्या पोस्टी तपासायचं जे रिव्ह्यूचं काम तू करतोस, त्यातून तुला आठ दिवस बाहेर ठेवलंय आणि कारण काय, तर दोन ऑडिटांत नापास, म्हणजे कामात गुपचूप मिसळलेल्या, उत्तर आधीच ठरलेल्या चाचण्यांत. दोन्ही पोस्टांचा मजकूर जसाच्या तसा उतरवून पाठवलास हे फार चांगलं केलंस, नुसत्या रागावरून काहीच कळलं नसतं. दोन्ही तीन-तीनदा वाचल्या. पहिल्या पोस्टीत तुझ्यावर अन्याय झालाय. दुसरीत चूक तुझी आहे.

पहिली म्हणजे ते दोन ओळींचं उत्तर. 'ही लायब्ररी वापरा', म्हणजे तयार कोडचा एक संच, आणि खाली त्याची लिंक. तू 'निकृष्ट' दाबलंस, यंत्राच्या लेखी ते 'उत्तम' होतं. कशावरून? मतांवरून. या चाचणीच्या पोस्टी सहसा कोणी माणूस बसून निवडत नाही. भरपूर मतं मिळालेली, तक्रार नसलेली पोस्ट 'चांगली' धरायची. लोकांनी तक्रारीची खूण (फ्लॅग) केल्यावर डिलीट झालेली 'वाईट' धरायची. इतरांनी सुचवलेल्या दुरुस्त्या तपासायच्या रांगेत यंत्रच चांगल्या मजकुरात मुद्दाम भलतेसलते शब्द घुसडतं आणि तो नमुना समोर ठेवतं. २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर साधारण हेच प्रकार आहेत, आणि तिथेही वादग्रस्त ऑडिटांवर लोक वर्षानुवर्षं उघडपणे भांडत आलेत. तिसऱ्या प्रकाराबद्दल फारशी तक्रार नसते, कारण बिघाड यंत्रानेच केलेला असतो आणि उत्तर पक्कं ठाऊक असतं. घोळ पहिल्या दोन प्रकारांत आहे.

मतं ज्या दिवशी पडली त्या दिवसाची असतात. तेव्हा लिंक चालू होती, लोकांचं काम झालं, त्यांनी मत दिलं. आज लिंक मेली, उरल्या दोन ओळी. मतांचा आकडा मात्र खाली येत नाही. नियमांचंही तसंच: सुरुवातीच्या वर्षांत चालणारा 'सगळ्यात चांगलं पुस्तक कोणतं' छापाचा प्रश्न आज आला तर बंद होईल, पण जुन्या मतांच्या जोरावर तो 'चांगल्या'च्या ढिगात बसलेला असतो. नियम पाठ असलेला माणूसच तिथे नापास होतो.

'वाईट'च्या ढिगात उलटा प्रकार. पोस्ट डिलीट झाली ती मजकुरामुळेच असं नसतं. लिहिणाऱ्याचं खातं स्पॅमचं निघालं म्हणून त्याचं सगळंच उडवलं असेल, किंवा उत्तर दुसरीकडून जसंच्या तसं उचललेलं असेल. रिव्ह्यू करणाऱ्याला दिसतो तो स्वच्छ, बरोबर मजकूर. कारण पोस्टीच्या बाहेर आहे, आणि शिक्षा आतलं वाचणाऱ्याला. शिवाय चाचणी ओळखू येऊ नये म्हणून मतं आणि टिप्पण्या बऱ्याचदा झाकलेल्या असतात, म्हणजे निर्णयाला लागणारा संदर्भच काढून घेतलेला असतो.

आता हिशोब बघ, मला सगळ्यात जास्त टोचतं ते इथे. समज, १०० चाचण्यांपैकी ६ ची उत्तरं मुळातच चुकलेली आहेत. हा आकडा मी फुगवलेला नाही. २०२१ मध्ये नॉर्थकट, अथल्ये आणि म्युलर या संशोधकांनी शिकवलेल्या यंत्रांची परीक्षा घ्यायला वापरले जाणारे १० नावाजलेले चाचणी-संच तपासले, तेव्हा सरासरी किमान ३.३ टक्के उत्तरं चुकीची निघाली आणि इमेजनेट या चित्रांच्या संचात किमान ६ टक्के. मग मतांवरून आपोआप उचललेल्या पोस्टींकडून काय अपेक्षा ठेवायची?

दर २० कामांमागे एक चाचणी धर. एकही चूक न करणाऱ्या माणसाने १००० कामं केली तर त्याला ५० चाचण्या लागतात, आणि त्यातल्या साधारण ३ मध्ये तो निव्वळ चुकीच्या उत्तरामुळे नापास होतो. '३ वेळा नापास तर बंदी' असा नियम असेल तर त्याच्यावर बंदी येण्याची शक्यता ५८ टक्क्यांच्या आसपास जाते. तोच माणूस १०० कामं करून थांबला तर चाचण्या ५, आणि तिन्ही वेळा अडकण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याहूनही कमी. जास्त काम करणाऱ्याला जास्त शिक्षा! नापास होण्याची नुसती संख्या मोजली, प्रमाण मोजलं नाही, की हे होणारच. त्यात दुसरी बंदी पहिलीपेक्षा लांब असली, तर पहिल्या वेळचा अन्याय दुसऱ्या शिक्षेत व्याजासकट येतो.

न वाचता 'ठीक आहे' दाबत सुटणारा मात्र, चाचण्यांत चांगल्या पोस्टी ७० टक्के असतील तर, ७० टक्के वेळा आरामात पास होतो. म्हणून दोन्ही ढीग निम्मे-निम्मे ठेवावे लागतात.

आपल्या मार्केट यार्डात कांद्याचा काटा तसाच वापरता येत नाही. वैधमापनवाले तो तपासून शिक्का मारतात, इलेक्ट्रॉनिक काट्याला दर वर्षी फेरतपासणी असते, लोखंडी वजनांना दर दोन वर्षांनी. ज्याने दुसऱ्याला मोजायचं ते आधी मोजलेलं असावं, एवढी साधी अपेक्षा. ऑडिटच्या पोस्टीवर तसा शिक्का कोणाचाच नसतो.

तो मारणं काही अवघड नाही. उत्तर माहीत नसलेल्या तिघांना पोस्ट स्वतंत्रपणे दाखवायची, तिघांचं एकमत झालं तरच ती चाचणीत घ्यायची. वर्षभराने पुन्हा बघायची, विशेषतः लिंक असलेली. आणि बाकी कामात चोख असलेले दहापैकी तीन-चार जण एकाच पोस्टीवर नापास होत असतील, तर माणसांना सोडून आधी ती पोस्ट बाजूला काढायची. ही माहिती यंत्राकडे रोज जमा होत असते, फक्त कोणी उघडून बघत नाही. शेवटी, एकापेक्षा जास्त बटणं बरोबर ठरू शकतात हे मान्य करायचं. 'दुरुस्त करा' दाबणाऱ्याला 'जसं आहे तसं ठेवा' दाबलं नाही म्हणून नापास करणं मला अजिबात पटत नाही.

आता तुझ्या अर्जाचं. राग आलाय, तो येणारच बे, पण अर्जात तो दिसू देऊ नकोस. कामाचा क्रमांक किंवा लिंक, तारीख-वेळ, स्क्रीनशॉट, कोणतं बटण दाबलंस ते. मग नियमाची नेमकी ओळ, 'लिंक काढली तर उत्तरात काही उरलं पाहिजे' ही, आणि लिंक आज उघडत नाही याचा पुरावा. सहा-सात ओळींत संपव. मागणी दोनच: ही पोस्ट चाचणीतून काढा आणि माझ्या नोंदीतून हे नापास खोडा. 'सगळी पद्धतच भंगार आहे' असं लिहिलंस तर मॉडरेटर, म्हणजे तिथला देखरेख करणारा, वादात शिरेल आणि तुझी पोस्ट बाजूलाच राहील.

दुसऱ्या पोस्टीचा अर्जात बचाव करू नकोस. तिथे तिसऱ्या परिच्छेदात उघड जाहिरात होती आणि तू वरचे दोनच वाचलेस. चूक कबूल करून टाक, म्हणजे पहिल्या तक्रारीला वजन येईल.

बंदी उठल्यावर एका बैठकीत पंधरा-वीसच्या वर कामं घेऊ नकोस. तुझ्या विषयाबाहेरचं आलं तर सरळ 'वगळा'. शंका आली की मूळ पान वेगळ्या टॅबमध्ये उघडून बघ, चाचणी असेल तर बऱ्याचदा तिथेच कळतं. (म्हणजे ही परीक्षा निम्मी तरी चाचणी ओळखण्याची असते, हेही एकदा त्यांच्या कानावर घालायला हवं.)

अर्जाचा मसुदा रविवारपर्यंत पाठव, वाचून लगेच कळवतो. इकडे गड्ड्याची यात्रा भरली आहे, शेंगाचटणी कोणाबरोबर तरी पाठवतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच मित्र