उजळणी म्हणजे परत वाचणं नव्हे

संपादक, सप्रेम नमस्कार.

बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की घराघरात एकच सूचना, परत एकदा सगळं वाचून काढ. मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय आणि मला मनापासून वाटतं की पोरांचा सगळ्यात जास्त वेळ ह्यातच वाया जातो, कारण चार वेळा वाचलं की पान ओळखीचं वाटायला लागतं आणि मुलाला वाटतं झालं, आलं आपल्याला, पण पुस्तक मिटून सांग म्हटलं की गाडी अडते.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली ह्यावरचे प्रयोग छापले. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला, मग तोच एकदा परत वाचायला लावला किंवा न बघता आठवेल तेवढा लिहून काढायला लावला. पाच मिनिटांनी किती आठवतंय ते तपासलं तर परत वाचणारे पुढे होते, 81 टक्के आणि लिहिणारे 75. पण आठवड्याने बघितलं तर वाचणारे 42 वर आलेले आणि लिहिणारे 56! आदल्या रात्रीच्या वाचनाने बरं का वाटतं आणि अकरावीत गेल्यावर सगळं कोरं का होतं, दोन्ही ह्यात आलं.

आठवण मेंदूत एका कप्प्यात ठेवलेली नसते, ती पेशींच्या जोडण्यांत पसरलेली असते आणि दर वेळी नव्याने जुळवावी लागते, ही जुळवाजुळव जितक्यांदा होईल तितकी ती पक्की. आणि झोपेतही हे काम चालू असतं, म्हणून परीक्षेच्या तोंडावर जागरणं करायला लावू नका हो.

आपल्याकडे तिन्हीसांजेला मुलांकडून पाढे-श्लोकांचा परवचा म्हणून घ्यायचे, रोज, पुस्तक न बघता. अर्थ न कळता घोकणं मला कधीच पटलं नाही, पण त्यातलं हे रोज स्वतः आठवून म्हणणं आपण सोडलं आणि क्लासच्या रिव्हिजन लेक्चरला पोरं नुसती ऐकत बसलीत.

शाळांना विनंती एवढीच की प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं कालचा धडा कोऱ्या कागदावर लिहून घ्या, मग पुस्तक उघडून ज्याचं त्याला तपासू द्या, नाहीतर चुकीचंच पक्कं होऊन बसेल. फक्त त्याला मार्क देऊ नका, मार्क आले की पोरं आठवायचं सोडून शेजाऱ्याच्या कागदात बघतात.

— एक निवृत्त शिक्षिका, सांगली