यंत्रमागधारकांना 'गधारक' करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओळ संपताना लांब शब्द आपल्या अंकात कुठेही मोडतो, त्याबद्दल लिहितोय. परवा एका ओळीच्या शेवटी 'यंत्रमा-' आणि पुढच्या ओळीला 'गधारकांचा मोर्चा' छापून आलं. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले तेलुगू. वडील मराठी छान बोलतात, पण देवनागरी वाचत नाहीत, म्हणून पेपर मी मोठ्याने वाचतो. ते म्हणाले, "मोर्चा कुणाचा म्हणालास?" यंत्रमागवाल्यांचे हाल आधीच काय कमी आहेत!

'माग' तिथे संपतो, म्हणून 'ग'मधला अ आपण बोलताना गिळतो. शब्द भलतीकडे तोडला की तो अ परत उगवतो आणि जीभ अडखळते. 'विडीका-मगार'चंही तेच.

मी टॉवेल निर्यातीची कागदपत्रं बघतो. लेबलांच्या निमित्ताने डच भाषेशी गाठ पडली. त्यांचा टॉवेल म्हणजे 'हंडडुक', हात अधिक कापड. लिहिताना दोन ड, ऐकू येतो एकच. तरी ओळ मोडायची ती दोन ड'च्या मधेच. आंघोळीच्या टॉवेलला तर तीन शब्द जोडून एकच शब्द. असे डबे जोडत जायची सवय असल्याने नियमही पक्का: जोडशब्द आधी जोडावर तोडायचा. उच्चारातला जोरही बहुधा पहिल्या घटकावर येतो. ('स्टटहाउस', म्हणजे नगरपालिकेची इमारत, त्यात मात्र दुसऱ्यावर.) त्यांचा 'massagebed' हा शब्द तर भारीच आहे. 'मसाज' आणि 'खाट' असा तोडला तर मालिशची खाट, जोर 'सा'वर. तीच अक्षरं अलीकडे तोडली तर 'जमाव' आणि 'प्रार्थना', म्हणजे सामुदायिक प्रार्थना. जोर सरकून पहिल्या अक्षरावर आणि मधला g, जो आधी 'झ'सारखा होता, तो 'ख'सारखा.

मराठीत जोर इकडेतिकडे झाल्याने सहसा एवढा घोटाळा होत नाही. पण अ कुठे गिळायचा, हे आपल्यालाही जोडच सांगतो.

तेव्हा पानं लावणाऱ्यांनी संगणकाने मोडलेले शब्द छपाईआधी एकदा नजरेखालून घालावेत. 'महानगर-पालिका', 'यंत्रमाग-धारक' एवढं तर सहज जमेल. 'सिद्धेश्वर', 'वस्त्रोद्योग' यांच्यात संधीने जोड बुजलाय. ते अख्खेच पुढच्या ओळीत ढकला. वरच्या ओळीत शब्द थोडे विरळ दिसले तरी आमची काही तक्रार नाही.

आपला,
एक वाचक
अशोक चौक, सोलापूर