विषय : लेअर-थ्री स्विचचा गेटवे आणि तुमच्या सपोर्ट विभागाने दोष आमच्यावर ढकलून बंद केलेली तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक यांस,

महोदय / महोदया,

आमच्या महाविद्यालयाने तुमच्या कंपनीचा २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच घेतला, तो लेअर-थ्री राउटिंग (एका नेटवर्कातली वाहतूक आयपी पत्ता पाहून दुसऱ्यात पाठवणे) करतो म्हणूनच. तशी गरज नसती तर याहून बराच स्वस्त स्विच चालला असता. कार्यालय, संगणक प्रयोगशाळा आणि व्यवस्थापन असे तीन व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्के) वेगळे ठेवून त्यांच्यातले राउटिंग स्विचवर करायचे आणि बाहेरची वाहतूक फायरवॉलकडे पाठवायची, एवढीच आमची रचना आहे. कार्यालय १९२.१६८.१०.०/२४, प्रयोगशाळा १९२.१६८.२०.०/२४, व्यवस्थापन १९२.१६८.९९.०/२४. स्विच १९२.१६८.९९.२ वर, फायरवॉल १९२.१६८.९९.१ वर (पुढे पत्त्यांचे शेवटचे दोनच आकडे लिहिले आहेत).

राउटिंग चालू केल्यावर प्रयोगशाळेतून स्विचच्या त्या व्हीलॅनमधल्या २०.१ या पत्त्याला पिंग (पोहोच तपासणारा संदेश) जात होते, कार्यालयातल्या संगणकांनाही जात होते. इंटरनेट मात्र बंद. तुमच्या वेब पानावर ‘डीफॉल्ट गेटवे’चा (बाहेरची वाहतूक ज्याच्याकडे द्यायची त्या पत्त्याचा) रकाना आहे. त्यात १९२.१६८.९९.१ भरलेले होते आणि ‘यशस्वीरीत्या जतन झाले’ असा हिरवा संदेशही येत होता. तरी राउटिंग टेबलमध्ये (कोणत्या पत्त्यासाठी कुठली वाट, या यादीत) थेट जोडलेल्या तीन नेटवर्कांच्या ओळी होत्या, ०.०.०.०/० ची, म्हणजे बाकी सगळ्या पत्त्यांच्या वाटेची, ओळ नव्हतीच. राउटिंग सुरू होताच तो रकाना निकामी होतो, हे आम्हाला स्वतः प्रयोग करून शोधावे लागले. राउटिंग बंद असताना स्विचला स्वतःच्या व्यवस्थापनासाठी बाहेर बोलायचे असते, त्यापुरताच तो उपयोगी. राउटिंग चालू असेल तर बाहेरच्या वाटेसाठी स्थिर मार्ग (हाताने नोंदवलेली वाट) वेगळा द्यावा लागतो. भिंतीवर बटण बसवायचे आणि मागे वायरच जोडायची नाही, तशातला हा प्रकार.

असा फरक असणे हा दोष आहे, असे आमचे म्हणणे नाही. सिस्कोच्या उपकरणांतही तो आहे, पण राउटिंग बंद असतानाच ‘आयपी डीफॉल्ट-गेटवे’ वापरावे हे त्यांच्या जाहीर दस्तऐवजात स्वच्छ लिहिले आहे. तुमच्या मॅन्युअलमध्ये त्या रकान्यापुढे ‘गेटवेचा पत्ता भरा’ एवढेच आहे.

मॅन्युअलपेक्षाही जास्त मनस्ताप तुमच्या सपोर्टने दिला. पहिल्याच मेलसोबत आम्ही राउटिंग टेबल जोडले होते. नसलेली ओळ एका नजरेत दिसली असती. उत्तर आले : केबल बदलून पाहा. केबलचा दोष असता तर दोन व्हीलॅनमधले पिंग कसे चालले असते? पुढचे उत्तर, फायरवॉलवर परतीचे मार्ग नसतील. ते आम्ही आधीच घातले होते. शिवाय फायरवॉलच्या स्विचकडील पोर्टवर पॅकेट कॅप्चर (येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांची नोंद) घेतले, तर प्रयोगशाळेच्या पत्त्यावरून आलेले एकही पॅकेट तिथे पोहोचत नव्हते. जे पॅकेट फायरवॉलपर्यंत गेलेच नाही, त्याच्या परतीचा प्रश्न येतोच कुठे? हे कॅप्चर पाठवल्यावर तुमच्या प्रतिनिधीने फोनवर फॅक्टरी रीसेट करायला सांगितले. त्याने सगळे व्हीलॅन आणि व्यवस्थापनाचा पत्तासुद्धा पुसला जातो, याचा उच्चारही केला नाही. आम्ही आपणहून बॅकअप घेऊन ठेवला होता म्हणून निभावले. नाहीतर प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर पूर्ण प्रयोगशाळा बंद पडली असती.

त्यानंतर शुल्क आकारून अभियंता पाठवला गेला. त्यांनी बॅकअप पुन्हा चढवला, गेटवेचा तोच रकाना पुन्हा भरला, हिरवा संदेश पाहिला आणि ‘ग्राहकाच्या नेटवर्कमधील दोष’ असा शेरा मारून तक्रार बंद केली. ते गेल्यावर आमच्याच कर्मचाऱ्याने ०.०.०.०/० साठी ९९.१ कडे जाणारा स्थिर मार्ग घातला आणि इंटरनेट लगेच सुरू झाले. फायरवॉलला हातही लावावा लागला नाही.

आणखी एक, याच पानांबद्दल. ‘लागू करा’ दाबल्यावर बदल फक्त चालू कॉन्फिगरेशनमध्ये होतो. कायमचा करायचा तर वेगळ्या पानावर जाऊन जतन करावा लागतो. मग वरचा ‘जतन झाले’ हा संदेश नेमके काय जतन झाल्याचे सांगतो? आमच्याकडे वीज जाणे नवे नाही. यूपीएसची बॅटरी संपली की असा अर्धवट बदल पुसला जाणार, हे तुमच्या लोकांना ठाऊक असायला हवे.

आमच्या मागण्या अशा. तक्रार पुन्हा उघडून तो शेरा काढावा आणि खरे कारण नोंदवावे. अभियंत्याच्या भेटीचे शुल्क परत करावे, कारण त्या भेटीत काहीच दुरुस्त झाले नाही. राउटिंग चालू असताना गेटवेचा रकाना बंद दिसावा किंवा तिथे स्पष्ट सूचना यावी, असा बदल फर्मवेअरमध्ये (स्विचच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) कधी करणार ते लेखी कळवावे. तो होईपर्यंत मॅन्युअलमध्ये निदान दोन ओळींची दुरुस्ती करायला कोणतीच अडचण नसावी. उत्तर पंधरा दिवसांत मिळावे. ते आले नाही, तर पुढच्या खरेदीच्या निविदेत तुमच्या उत्पादनाबद्दलचा हा अनुभव आम्ही खरेदी समितीपुढे कागदपत्रांसह ठेवू.

सोबत स्थिर मार्ग घालण्यापूर्वीचे आणि नंतरचे राउटिंग टेबल, पॅकेट कॅप्चर, फर्मवेअर आवृत्तीचे छायाचित्र व शुल्काची पावती जोडली आहे. कृपया या वेळी ती उघडून पाहणाऱ्या माणसाकडेच हे पत्र द्यावे.

आपला,
नेटवर्क प्रशासक,
संगणक विभाग