कुंपणापलीकडच्या हत्तीला केळी देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत श्रीलंकेतल्या राष्ट्रीय उद्यानांवर आलेला लेख वाचला. लेख चांगला आहे, माहितीही बरोबर आहे. पण सोबतच्या छायाचित्राने मन अस्वस्थ झाले. रस्त्याकडेला विजेचे कुंपण, पलीकडे हत्ती, आणि अलीकडून आपल्याकडच्याच एक बाई त्याच्या सोंडेत केळी देत आहेत. खाली ओळ : ‘बाप्पाला नैवेद्य’. ती जागा मी ओळखली. उडावलावे उद्यानाच्या कडेने तनमलविलकडे जाणारा तो रस्ता. गेल्या ऑगस्टमध्ये त्याच रस्त्यावर आमचीही गाडी थांबली होती, म्हणून हे पत्र.

मी दोडामार्ग तालुक्यातला. वीज वितरणात लाइनमन म्हणून एकतीस वर्षे काढली. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती आमच्या भागात उतरले, तेव्हापासून माड, पोफळी आणि केळीचे काय होते ते मी जवळून पाहत आलो आहे. चुलतभावाच्या बागेत एका रात्रीत चाळीस माड आडवे झाले होते. सकाळी तो बांधावर नुसता बसून होता, चहासुद्धा घेईना. नंतर त्याने झटका मशीन बसवले तेव्हा तारा ओढायला मीच होतो. त्यामुळे हत्ती आणि कुंपण या दोन गोष्टींवर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे, असे मी समजतो.

उडावलावेच्या त्या रस्त्यावर फळांची दुकाने लागतात. गाडी थांबली तशी हत्ती आपणहून कुंपणाशी आला. अंगाने भरलेला नर, पण सुळे नाहीत. तिकडच्या शंभर नरांत दहांनाही सुळे नसतात. तो सोंड तारांवरून अलगद पुढे करून उभा राहिला. आमच्या पुढच्या गाडीतल्या लोकांनी हात जोडले, ‘मोरया’ म्हटले आणि केळी पुढे केली. माझी पत्नीही पाघळली. म्हणाली, “दोन केळी दिली तर काय होतला ओ? देवाचाच रूप ता.” मी नको म्हटले. ती रुसली. तिची भावना खोटी नव्हती, त्या लोकांचीही नव्हती, म्हणूनच हे सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते.

झटक्याचे कुंपण हत्तीला अडवत नाही, त्याला शिकवते. साधारण दर सेकंदाला तारेतून एक ठोका जातो. दाब काही हजार व्होल्टचा, पण क्षणभरच, त्यामुळे जीव जात नाही. सोंडेला एकदा चटका बसला की ती तार म्हणजे दुखणे, हे हत्तीच्या डोक्यात बसते. कुंपणाचे सगळे काम त्या आठवणीवर चालते. आपण त्याच तारेवरून केळी देतो तेव्हा उलटा धडा देत असतो : तारेपाशी ये, गोड मिळेल. रोज तिथे उभा राहणारा हत्ती हळूहळू तारांचा अभ्यास करतो. सुळ्यातून झटका लागत नाही, पायाने खांब लोटला तर तार खाली येते, कुठे गवत तारेला टेकून झटका जमिनीत उतरला आहे, हे सगळे त्याला कळत जाते. गवताची ती गोष्ट आम्हा वायरवाल्यांना ठाऊक असते, पण हत्तीही ती ओळखतो. मग एके रात्री तो बाहेर पडतो. बाहेर माणसांची वस्ती आणि शेती असते, आणि माणसाच्या हातातून गोड येते एवढेच तो शिकलेला असतो. पुढे काय होते ते आम्ही दोडामार्गवाले सांगू शकतो. दिवसभर केळी देणारे पर्यटक तोवर विमानात बसलेले असतात.

फळांबरोबर पिशव्याही जातात. हत्ती पिशवी सोडून खात नाही. पूर्वेकडच्या अंपारा जिल्ह्यात पल्लक्काडू येथील कचरा डेपोवर प्लास्टिक खाऊन आठ वर्षांत वीसेक हत्ती मेल्याची बातमी २०२२ मध्ये आली होती.

आकडेच पाहायचे तर श्रीलंका आपल्या महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी. तेवढ्या बेटावर २०११ च्या गणनेत ५,८७९ हत्ती मोजले गेले. २०२३ या एका वर्षात तिथे साडेचारशेहून अधिक हत्ती मेले आणि दीडशेहून अधिक माणसे हत्तींच्या हल्ल्यात गेली. हत्तींपैकी कोणी गोळीने मेले, कोणी घरच्या लाइनवरून थेट वीज सोडलेल्या तारेने. अशी थेट जोडलेली तार हा खुनाचाच प्रकार आहे, ती मी नोकरीत असताना आमच्याकडेही कापून काढलेली आहे. आणि एक प्रकार ऐकून तर पोटात कालवले : ‘हक्का पटस’. फळात किंवा चाऱ्यात दडवलेली स्फोटके. हत्तीने चावली की जबडा फुटतो आणि तो दिवसेंदिवस उपाशी राहून मरतो. बहुतेक वेळा ती रानडुकरासाठी ठेवलेली असतात, पण पिल्ले आणि तरणे हत्तीच त्यात जास्त सापडतात. माणसाने ठेवलेल्या फळावर विश्वास टाकायला आपण ज्या हत्तीला शिकवतो, त्याच्या वाटेत उद्या हे फळ येऊ शकते.

त्याच उडावलावेत, दुकानांपासून थोड्याच अंतरावर, एलिफंट ट्रान्झिट होम आहे. जे कोणी श्रीलंकेला जाणार असतील त्यांनी हे चुकवू नये. आई गमावलेली, विहिरीत पडलेली, जखमी पिल्ले तिथे आणतात. वन्यजीव खात्याने १९९५ मध्ये ते सुरू केले. दर तीन तासांनी दूध पाजतात. फाटक उघडले की पिल्ले धावत येतात, नळी लावलेल्या नरसाळ्यातून घटाघटा दूध पितात आणि परत रानात पळतात. आपण लांबच्या मचाणावर बसून पाहायचे. हात लावायचा नाही, बाटली धरायची नाही, फोटोसाठी जवळ जायचे नाही. एक अगदी लहान पिल्लू दूध संपल्यावरही नळीच चोखत उभे राहिले, शेवटी दूध पाजणाऱ्या माणसाने त्याला हलकेच ढकलून लावले. माझ्या मुलीने विचारले, “बाबा, तो त्याला कुरवाळत का नाही?” उत्तर तिथल्या कर्मचाऱ्याने दिले : पिल्लाला माणसाचा लळा लागला तर ते रानात जगणार नाही. पाचेक वर्षांची झाली की ही पिल्ले एकत्र कळपाने जंगलात सोडतात, आणि अशी शंभराहून अधिक सोडून झाली आहेत. पत्नी त्या मचाणावर बराच वेळ गप्प होती. परत गाडीत बसल्यावर म्हणाली, “बरा झाला, केळी दिलव नाय ता.”

आमचा चालक गलगमुवकडचा, शेतकऱ्याचाच मुलगा. पहिल्या दिवशी अनुराधपुरला जाताना वाटेत त्याच्या घरी चहा झाला. अंगणाच्या कडेला लाकडी खांबांची रास आणि गुंडाळलेल्या तारा दिसल्या. माझे लक्ष तिकडेच गेले. त्याने समजावून सांगितले : पूर्वी कुंपण सरकारी जंगलाच्या हद्दीवर घालायचे. पण हत्ती दोन्ही बाजूंना! एका खात्याचे जंगल संपले तरी पलीकडे दुसऱ्या खात्याचे जंगल असतेच, हत्तीला सातबारा वाचता येत नाही. देखभालीलाही कोणी नसायचे. आता गावकरी मिळून भाताच्या शेताभोवतीच कुंपण घालतात. पेरणीला तारा ओढतात, पाळीपाळीने गवत काढतात, कापणी झाली की सगळे काढून घरी ठेवतात, म्हणजे हत्तीला शेतातले धसकट खायला मोकळे. हत्तीला कोंडायचे नाही, भाताला कोंडायचे. पृथ्वीराज फर्नांडो या तिथल्या हत्ती-अभ्यासकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मार्ग बरीच वर्षे लावून धरला आहे. मी त्या तारांचे मोजमाप, खांबांमधले अंतर, अर्थिंगची पद्धत वहीत लिहून आणली आहे. पूर्ण सहलीत मला सर्वांत मोलाचे काय मिळाले असे कोणी विचारले, तर मी ती वही दाखवेन.

चालकाची आणखी एक गोष्ट सांगतो. विल्पत्तूकडे जाताना रानाच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवली, झाडाची एक डहाळी मोडली आणि दुसऱ्या झाडाच्या फांदीवर अडकवली. तिथे आधीच्या सुकलेल्या कितीतरी डहाळ्या होत्या. हा रस्त्यावरच्या गणदेवियोचा, म्हणजे गणपतीचाच मान. रानात हत्तीची गाठ पडली तर सांभाळ, एवढेच मागणे. तिकडचे बौद्ध लोकही ते करतात. आमच्याकडे राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, नमस्कार केल्याशिवाय आम्ही रान ओलांडत नाही, त्यामुळे मला ते लगेच उमगले. पत्नीनेही एक डहाळी अडकवली.

विल्पत्तू हे तिथले सर्वांत मोठे उद्यान. यादवीमुळे १९८८ पासून २००३ पर्यंत ते बंदच होते. पावसाच्या पाण्याने भरणारी ‘विल्लू’ नावाची उथळ तळी, त्यांच्या काठावर चितळ आणि मगरी. चार तासांत आम्हाला मोजक्याच गाड्या भेटल्या. याल उद्यानात उलट. बिबट्या दिसल्याची बातमी येताच जीपा सुसाट धावू लागल्या, धुळीत समोरचे दिसेना. बिबट्या आम्हाला दिसलाही, पण अठरा गाड्यांच्या फटीतून. आपल्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात २०२४ च्या शेवटच्या दिवशी वाघीण आणि तिच्या बछड्यांना गाड्यांनी घेरले आणि उच्च न्यायालयाला दखल घ्यावी लागली, ते आपण वाचलेच आहे. जीपवाल्याला ‘बिबट्या दाखव, वेगळे पैसे देतो’ असे आपल्यातलेच लोक सांगतात, मी कानांनी ऐकले.

मिनेरिया तलावाबद्दल लेखात ‘शेकडो हत्तींचा मेळा’ असे आहे. तिसऱ्या शतकात महासेन राजाने बांधलेला हा तलाव. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी ओसरते, उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळे गवत येते आणि त्यासाठी कळप जमतात. पण अलीकडे मोरगहकंद धरणाचे पाणी सुक्या दिवसांतही तलावात येते. पाणी चढेच राहिले की गवत उघडे पडत नाही आणि कळप पांगतात. आमच्या वेळी असेच झाले, म्हणून चालकाने आम्हाला शेजारच्या कौडुल्ला उद्यानात नेले. तिथे सायंकाळी बावन्न हत्ती मी मोजले. पिल्लांना मधोमध घेऊन सगळे पाण्याकडे निघाले होते. माझ्या आयुष्यात मी हत्ती एवढा निवांत पाहिला नव्हता. आमच्याकडे तो नेहमी फटाक्यांच्या आवाजात, बॅटरीच्या झोतात, पळताना दिसतो. तेव्हा जाणाऱ्यांनी मिनेरियाचाच हट्ट न धरता कौडुल्ला किंवा हुरुलू, जिथे कळप असेल तिथे न्यायला चालकाला सांगावे. आणि याल बहुधा सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दुष्काळी दिवसांत बंद ठेवतात, तेही तिकिटे काढण्याआधी पाहावे.

हॉर्टन प्लेन्स या डोंगरावरच्या उद्यानाच्या दारावर पिशव्या तपासून प्लास्टिकची वेष्टने काढून घेतात, पाण्याच्या बाटलीचे लेबलसुद्धा. लोक कुरकुरतात, पण आत नऊ-दहा किलोमीटर चालताना एक कागद दिसला नाही. ही शिस्त उडावलावेच्या रस्त्यावर येणे मात्र तिथल्या खात्याइतकेच गाडीत बसणाऱ्यांवर अवलंबून आहे.

आमच्या जिल्ह्यातूनही आता पुष्कळ लोक श्रीलंकेला जातात. सहल आखणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की कार्यक्रमपत्रिकेत ‘हत्तीला फळे भरवणे’ हे आकर्षण म्हणून छापू नये. माझ्या हाती आलेल्या दोन पत्रिकांत ते होते. आणि आपणास विनंती अशी की, पुरवणीत ट्रान्झिट होमच्या मचाणावरून घेतलेले एखादे छायाचित्र छापावे आणि त्या पहिल्या छायाचित्राखालची ओळ चुकीची होती, असे दोन शब्दांत कळवावे. गलगमुवच्या कुंपणाची वही कोणा शेतकऱ्याला पाहायची असेल तर तिच्या प्रती काढून द्यायला मी तयार आहे. पेरणीच्या आधी मागितल्यास बरे, कारण खांब आधी उभे करावे लागतात.

आपला,
एक निवृत्त लाइनमन,
ता. दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग