तापीकाठच्या आमच्या गावाकडून आभार

वर विदर्भात, सातपुड्यात पाऊस कोसळला की तापी-पूर्णेचं पाणी हतनूरला येतं आणि धरणाचे ४१ दरवाजे उघडायची वेळ येते. आमच्याकडे तेव्हा कधीकधी एक थेंबही नसतो, म्हणून वेळेवर आलेला निरोपच जीव वाचवतो. १०७७ वर फोन उचलणाऱ्या जिल्हा नियंत्रण कक्षातल्या ताई, "आधी गुरांची दावी सोडा" हे तुमचं सांगणं लाखमोलाचं ठरलं. कोतवाल आप्पा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, गुडघाभर चिखलातून शेवटच्या झोपडीपर्यंत गेले. धुळ्याहून बोट घेऊन आलेले राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान तर चहालाही थांबले नाहीत. एकाचंही नाव विचारणं झालं नाही. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार!