फोटोखाली चार ओळींची जागा ठेवा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

14 जानेवारीला आपल्याकडे भूगोलाचे अभ्यासक प्रा. चं. धुं. देशपांडे यांच्या स्मरणार्थ भूगोल दिन असतो, त्यानिमित्त बऱ्याच शाळांत फोटोंची स्पर्धा ठेवतात, प्रवासात काढलेले फोटो आणा म्हणून. माझी मुलगी नववीत, तिनेही फोटो दिला होता, त्याबद्दल लिहितेय. नंबर आला नाही याचं दुःख नाही, खरंच नाही.

मे महिन्यात आम्ही एसटीने माहेरी गेलो होतो तेव्हा वाटेत निघोजला थांबलो. कुकडी नदीतले रांजणखळगे, म्हणजे कातळात पडलेले रांजणासारखे खोल खड्डे, पुस्तकात सगळ्यांनी वाचलेत, पण पोरगी तिथे कातळावर चक्क पालथी पडली आणि एका खळग्यात मोबाईल धरून आतला फोटो काढला. तळाशी लिंबाएवढे गुळगुळीत गोटे, कडेला तिची पाण्याची बाटली, खळगा केवढा आहे ते कळावं म्हणून मुद्दाम ठेवलेली. पुराच्या पाण्याच्या भोवऱ्यात हेच गोटे गरगर फिरतात आणि एवढा टणक बेसॉल्ट खडक घासत घासत रांजण कोरतात, हे तिने प्रिंटच्या मागे तिच्या अक्षरात लिहिलं होतं, कुठे, कधी, कसं, सगळं.

प्रदर्शनाला गेले तर फोटो चार्टपेपरला पूर्ण गम लावून चिकटवलेला. लिहिलेलं सगळं आत गेलं. खाली फक्त नाव आणि तुकडी. बघणाऱ्याला ते दगडातलं एक भोक दिसणार, दुसरं काय दिसणार?

पहिला नंबर स्वित्झर्लंडच्या फोटोला मिळाला, बर्फाचे डोंगर आणि पुढे तो मुलगा हसत उभा. त्याचं मनापासून कौतुक, फोटो छानच होता. पण गंमत म्हणजे त्याच्या मागे अख्खी हिमनदी होती आणि तिच्यावर लांबच लांब काळे पट्टे, माझी मुलगी लगेच म्हणाली आई हा मध्य हिमोढ, दोन हिमनद्या एकत्र आल्या की दोघींच्या कडेचा दगडधोंडा मधोमध येतो तो. म्हणजे त्या फोटोतही भरपूर भूगोल होता, पण तो त्या मुलाला कुणी विचारलाच नाही. मला वाटतं नुकसान दोघांचंही झालं. आणि जी मुलं कुठेच फिरायला जात नाहीत त्यांचं तर जास्तच, त्यांना वाटतं आपल्याकडे फोटो काढण्यासारखं काही नाही. अहो, गावचा ओढा वळणावर एका काठाला माती खातो आणि दुसऱ्या काठाला वाळू टाकतो, तोही फोटो भूगोलाचाच की!

शिक्षकांवर किती कामं असतात ते माहितीये, त्यामुळे मोठं काही मागत नाही. येत्या जानेवारीत स्पर्धा ठेवाल तेव्हा फोटोखाली चार ओळींची जागा ठेवा, मुलांनी स्वतः लिहावं हे कुठलं आहे आणि असं का झालं असेल, आणि मार्क देताना फोटोइतकंच ते वाचा. आणि फोटो फक्त वरच्या दोन कोपऱ्यांना चिकटवा, मागे कुणी काही लिहिलं असेल तर उचलून वाचता येईल.

एक पालक, पुणे