दिल्ली दर्शनात सोमवार कधी येतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुटीतल्या सहलींच्या जाहिराती सध्या सगळीकडे झळकत आहेत. 'सहकुटुंब दिल्ली दर्शन, अनुभवी टूर मॅनेजर, घरगुती मराठी जेवण' हा मजकूर बहुतेकांचा सारखाच. जेवणात कोणत्या दिवशी श्रीखंड आणि कोणत्या दिवशी पुरणपोळी, हेही काही माहितीपत्रकांत सापडते. कोणत्या वारी काय बघणार, हे मात्र सापडत नाही. 'दिवस दुसरा', 'दिवस तिसरा' छापले की काम भागते. दिल्लीतल्या वास्तूंना दुसरा-तिसरा दिवस कळत नाही, त्यांना वार कळतो.

सोमवारच घ्या. लाल किल्ला बंद, राष्ट्रपती भवन बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, तीन मूर्तीचे प्रधानमंत्री संग्रहालय बंद, लोटस टेम्पल बंद आणि अक्षरधामही बंद. आता पुण्याहून शनिवारी निघणारी टूर रविवारी दिल्लीत उतरते. रविवार खोल्या ताब्यात घेण्यात आणि संध्याकाळच्या बाजारात जातो, आणि पहिला पूर्ण दिवस नेमका सोमवार निघतो. मग आयत्या वेळी लाल किल्ल्यापुढे 'बाहेरून' हा शब्द उगवतो. यात कंपनीचा नाइलाज वगैरे काही नाही. कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा, पुराना किल्ला, सफदरजंगचा मकबरा, जंतरमंतर आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक सोमवारी उघडे असतात. तो दिवस दक्षिण दिल्लीला दिला आणि लाल किल्ला मंगळवारवर ढकलला की प्रश्न मिटतो. त्यासाठी फक्त कॅलेंडर समोर ठेवून कार्यक्रम आखावा लागतो. मागच्या वर्षीचे माहितीपत्रक तारखा बदलून छापले की असा घोळ होतो.

शुक्रवारचेही लक्षात ठेवावे. दुपारच्या नमाजाच्या वेळी जामा मशिदीत पर्यटकांना सोडत नाहीत, आणि सहलीला आग्रा जोडलेला असेल तर ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. स्वातंत्र्यदिनाच्या आधी काही दिवस लाल किल्ला सुरक्षेसाठी बंद ठेवतात. जानेवारीच्या उत्तरार्धात संचलनाच्या तालमींमुळे कर्तव्य पथ आणि इंडिया गेटच्या आसपासचे रस्ते कधी बंद होतील याचा नेम नसतो. शिवाय धुक्याने गाड्या आणि विमाने तासन्‌तास रखडतात, म्हणून त्या महिन्यात दिल्लीत उतरण्याच्या दिवशी काहीही बघायचे ठेवू नये. दिवाळीनंतरच्या दिल्लीच्या हवेबद्दल नव्याने सांगायला नको. दम्याचा त्रास असलेल्या आजोबांना त्या आठवड्यात नेणे शहाणपणाचे नाही, एवढे तरी कंपन्यांनी आगाऊ पैसे घेण्यापूर्वी सांगावे.

दुसरी गोष्ट शब्दांची. माहितीपत्रकात 'भेट', 'दर्शन', 'फोटो स्टॉप' आणि 'पॅनोरमिक टूर' असे शब्द येतात आणि आपण सगळ्यांचा अर्थ 'बघणे' असा लावतो. व्यवहारात 'भेट' म्हणजे तिकीट काढून आत जाणे. 'फोटो स्टॉप' म्हणजे दहा मिनिटे उतरून फोटो. 'दर्शन' आणि 'पॅनोरमिक' म्हणजे बसच्या खिडकीतून, तेही तुमची खिडकी बरोबर बाजूला असली तर. राष्ट्रपती भवन आणि संसद भवन बहुतेक सहलींत याच प्रकारात मोडतात. वास्तविक राष्ट्रपती भवन आतून बघता येते. त्यासाठी सगळ्यांची नावे आणि ओळखपत्राचे तपशील देऊन ऑनलाइन वेळ आधी घ्यावी लागते, आणि जाताना मूळ ओळखपत्र जवळ लागते. चाळीस जणांची नोंदणी म्हणजे कार्यालयात बसून दोन तासांचे काम. ते कोणी करत नाही, म्हणून आपण ३४० खोल्यांची ती वास्तू काचेतून बघतो.

वेळेचा हिशेब तर कोणीच मांडत नाही. पुण्याच्या बहुतेक सहली करोलबागेच्या हॉटेलांत उतरतात. तिथून कुतुबमिनार शहराच्या पार दक्षिण टोकाला. सकाळच्या गर्दीत तास-सव्वा तास सहज जातो. चाळीस माणसे बसमधून उतरायला दहा मिनिटे, स्वच्छतागृह पंधरा मिनिटे, सुरक्षा तपासणीच्या स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या रांगा वीस मिनिटे, आणि शेवटी राहिलेल्या दोघांना शोधायला दहा मिनिटे. कागदावर दोन तास लिहिलेले असले तरी हातात जेमतेम तास उरतो. म्हणून एका दिवसात आतून बघायच्या तीन वास्तू ही मर्यादा आहे. जिथे सहा छापलेल्या असतील तिथे निम्म्या खिडकीतल्या समजाव्यात. आणि त्याच दिवशी 'हस्तकला एम्पोरियम' असेल तर तिथे बस घाईत नसते, हेही अनुभवी प्रवाशांना ठाऊक असते.

लाल किल्ल्याला किमान अडीच तास द्यायला हवेत. लाहोरी दरवाजातून आत गेले की छत्ता चौक लागतो, म्हणजे छप्पर असलेला बाजार. निम्मा ग्रुप तिथे बांगड्या आणि पर्स बघत अडकतो आणि पुढे नौबतखाना, दिवाण-ए-आम ओलांडून दिवाण-ए-खासपर्यंत पोचायला वेळ उरत नाही. खरेदी परतताना करायची, हे आत शिरण्यापूर्वीच सांगून ठेवावे. परतीची वाट तीच आहे.

कारण पुणेकराने जिथे थांबायलाच हवे ती जागा दिवाण-ए-खास आहे. तिथे उभे राहून मान वर करावी. आज दिसते ते रंगवलेले लाकडी छत. मूळ छताला चांदीचा पत्रा होता. १७६० साली सदाशिवरावभाऊंच्या फौजेने दिल्ली घेतली तेव्हा फौजेचा पगार भागवण्यासाठी तो पत्रा उतरवून आटवला गेला. पानिपत आपण शाळेत शिकतो, पण त्या मोहिमेची पैशाची ओढाताण अशी डोक्यावर दिसते ती इथे. याच किल्ल्यात १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने बादशहा शाह आलमचे डोळे काढले, आणि त्याला हाकलून बादशहाला पुन्हा गादीवर बसवले ते महादजी शिंद्यांच्या फौजेने. त्यानंतर सप्टेंबर १८०३ मध्ये यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत इंग्रजांच्या जनरल लेकने शिंद्यांची फौज हरवली, तोवर दिल्लीवर शिंद्यांचा वचक होता. महादजींची समाधी वानवडीच्या शिंदे छत्रीत आहे. हडपसर-कोंढव्याच्या मुलांनी ती निदान बाहेरून पाहिलेली असते. तिचा धागा या किल्ल्याला जोडून देणारे कोणी हवे. स्थानिक गाइड शाहजहान, मयूरासन आणि नादिरशहा एवढे सांगून थांबतो. त्याचा दोष नाही, त्याला श्रोते पुण्याचे आहेत हे कोणी सांगितलेलेच नसते.

हेच राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे. इंडिया गेटला सगळे जातात, ४२ मीटर उंचीच्या त्या कमानीसमोर फोटो काढतात आणि मागे वळतात. २०१९ मध्ये उघडलेले युद्ध स्मारक तिथून चालत पाच मिनिटांवर आहे, प्रवेश विनामूल्य आहे. चार चक्रांपैकी त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या विटांसारख्या पाट्या आहेत आणि प्रत्येक पाटीवर एका जवानाचे नाव. अशी २५ हजारांहून अधिक नावे आहेत. शेजारच्या परम योद्धा स्थळावर परमवीरचक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत. त्यांत रामा राघोबा राणे शोधावेत. ते लष्कराच्या बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर दलाचे, म्हणजे आपल्या खडकीच्या केंद्राचे. १९६५ चे अर्देशीर तारापोर आणि १९७१ चे अरुण खेत्रपाल हे दोघेही पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे, आणि खेत्रपालांचा तर जन्मच पुण्यातला. वीरमरण आले तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. अकरावी-बारावीची मुले बरोबर असतील तर या पुतळ्यासमोर वेगळे भाषण लागत नाही. जायचे ते ऊन उतरल्यावर. मेमध्ये तिथला दगड दुपारी तापलेल्या तव्यासारखा असतो.

गाइडचा मुद्दा. टूर मॅनेजर म्हणजे गाइड नव्हे. माणसे मोजणे, खोल्या, जेवण, कोणाला बरे नसेल तर डॉक्टर, यातच त्याचा जीव जातो. वास्तूजवळ माहिती सांगणारा माणूस परवानाधारक असावा आणि त्याचे ओळखपत्र गळ्यात दिसावे. दरवाजात 'मी सगळे दाखवतो' म्हणत मागे लागणारे वेगळे. त्यांच्यातलेच कोणी कुतुबमिनारच्या पायऱ्या चढवतो म्हणू लागला तर समजून जावे. आत ३७९ पायऱ्या आहेत खऱ्या, पण डिसेंबर १९८१ च्या चेंगराचेंगरीत ४५ माणसे गेली, त्यांत बहुतांश शाळेची मुले होती, आणि तेव्हापासून वरचा रस्ता पर्यटकांना बंद आहे. लोहस्तंभाला पाठ टेकवून मागून हात जुळवायचा खेळही आता नाही. स्तंभाभोवती कुंपण आहे. चाळीस जणांत गाइडचा आवाज मागच्या दहांपर्यंत पोचत नाही, म्हणून कानात घालायचे छोटे रिसीव्हर मिळतात. परदेशी सहलीत हीच कंपनी ते देते. दिल्लीत का नाही, हे विचारायला हरकत नाही.

ज्येष्ठांसाठी दोन-तीन गोष्टी. कुतुब परिसर बराचसा सपाट आहे. हुमायूनच्या मकबऱ्याचा चौथरा मात्र उंच आहे आणि त्याच्या पायऱ्या चांगल्याच खड्या. गुडघ्याचे दुखणे असेल तर खालच्या बागेत बसावे, मकबरा तिथूनच सुरेख दिसतो. चांदणी चौकात सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आहे, म्हणजे तिथे बस येणार नाही. सायकल रिक्षा किंवा पाय. अक्षरधामला मोबाइल, कॅमेरा, बॅग काही आत नेऊ देत नाहीत. ते जमा करायची रांग लांबलचक असते, म्हणून सगळे बसमध्येच ठेवून उतरावे. पण मग आत कोणाकडेच फोन नसतो, आणि कारंज्याचा कार्यक्रम संपल्यावर अंधारात आजी एकीकडे आणि नातवंडे दुसरीकडे असा प्रकार होतो. भेटायची जागा आणि वेळ बसमध्येच ठरवावी, आणि मनगटी घड्याळ असलेला माणूस प्रत्येक कुटुंबात एक तरी हवा.

पैशांचेही पाहावे. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. तरीही मुलांच्या दरात 'सर्व प्रवेश शुल्क समाविष्ट' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आढळते. ते नेमके कोणत्या शुल्काबद्दल आहे, हे बुकिंग खिडकीवर विचारले की समोरचा माणूस आधी कॅल्क्युलेटरकडे बघतो.

माझे म्हणणे एवढेच आहे. पर्यटन कंपन्यांनी दिल्लीच्या माहितीपत्रकात प्रत्येक दिवसापुढे वार छापावा, प्रत्येक वास्तूपुढे 'आतून' की 'बाहेरून' आणि किती मिनिटे ते लिहावे, आणि गाइड परवानाधारक आहे की नाही हे नमूद करावे. आणि वाचकांनी दुसरा हप्ता भरण्यापूर्वी हे लेखी मागावे. व्हॉट्सॲपवर आलेले उत्तरही चालेल, फक्त त्यात वार हवा.

आपला,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे